भागीदारीच्या करारात कोयता कुठे आहे?

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्तुळात एक सूत्र सध्या मोठ्या आदराने उच्चारले जाते. आपले काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवायचे असेल, म्हणजे ज्याला आउटसोर्सिंग म्हणतात ते करायचे असेल, तर त्याच्याशी नगामागे घासाघीस करीत बसू नये. उभयतांनी मिळून उद्दिष्ट ठरवावे, खर्चात होणारी बचत आणि उत्पन्नात पडणारी भर वाटून घ्यावी, म्हणजे कंत्राटदार प्रतिपक्ष न राहता सहकारी होतो. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या केट विटासेक यांनी २०१० साली या विषयावर पुस्तक लिहिले. कल्पना पोकळ नाही. ज्याची दक्षता मालकाला क्षणोक्षणी मोजता येत नाही, त्याला फळात वाटा दिला की त्याच्यावर पहारा ठेवावा लागत नाही, हे अर्थशास्त्राला मान्य आहे. प्रश्न एवढाच की, वाटा घेणारे हे ‘उभयता’ कोण?

त्याचे उत्तर शोधण्यासाठी टेनेसीला जाण्याचे कारण नाही. आपल्या राज्यातील साखर कारखानदारी हे आउटसोर्सिंगचेच फार जुने उदाहरण आहे. गाळप कारखाना करतो. तोडणी करणारे हात मात्र त्याच्या हजेरीपटावर नसतात. बहुतेक ठिकाणी तोडणी-वाहतुकीसाठी निराळी संस्था उभी केलेली असते, ती वाहतूकदाराशी करार करते, वाहतूकदार मुकादमाला उचल देतो आणि मुकादम ती बीड, जालना, परभणीच्या वाड्यावस्त्यांवर नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, वाटतो. माणसांची ओळख अवजाराच्या नावाने व्हावी, यातच पुष्कळ काही आले.

आणि याच धंद्यात वाटणीचे सूत्र कायद्याने आलेले आहे! रंगराजन समितीने २०१२ साली शिफारस केली आणि महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला: साखर व उपपदार्थ यांच्या उत्पन्नातील ७० टक्के, किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नातील ७५ टक्के, ऊस उत्पादकाला. ऊस उत्पादकांना हा हक्क मिळाला याचे आपण स्वागतच केले पाहिजे. पण तोडणी व वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो. म्हणजे तोडणारा हा या हिशेबात भागीदार नसून वजावट आहे.

मुकादमाची गोष्ट वेगळी. त्याला तोडणीच्या बिलावर कमिशन आहे. जानेवारी २०२४ च्या समझोत्यात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला, तेव्हा कमिशनही एका टक्क्याने वाढले. जितका ऊस अधिक तुटेल तितके कमिशन अधिक, तितके कारखान्याचे गाळप अधिक. व्यवस्थापनशास्त्राला हवे असलेले हितैक्य येथे नमुनेदार आहे. त्या ऐक्याचे एक फळ म्हणजे ‘खाडा’. एक दिवस कामावर न गेल्यास मजुरी तर बुडतेच, वर दंडही बसतो. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हे त्यांपैकी अनेकींनी सांगितलेले कारण होते. या प्रश्नाने विधिमंडळ हलले, समिती नेमली गेली. कमिशनची रचना मात्र आहे तशीच राहिली.

आता या सिद्धान्ताला त्याच्याच कसोटीवर घासून पाहू. उसाचा उतारा कशावर अवलंबून असतो? जात, जमीन, पाणी, हवामान यांवर असतोच. पण बुडख्याजवळ साखर अधिक म्हणून ऊस जमिनीलगत तोडला गेला की नाही, पाचट व वाढे नीट काढले की नाही, मोळी वेळेत भरली गेली की नाही, यांवरही असतो. ही सारी दक्षता कोयत्याच्या हाती आहे आणि शेतात तिचे मोजमाप कोणी करीत नाही. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा ठरवले. टनाला ही वाढ ३४ रुपये ६० पैसे होते, म्हणजे तोडणीच्या दराच्या जवळजवळ दहावा हिस्सा. त्यातील एक पैसाही कोयत्याला नाही. टेनेसीच्या सूत्राप्रमाणे पहिला वाटा ज्याला मिळायला हवा, त्यालाच ते सूत्र विसरते. कारण करारावर त्याची सही नसते. तो कराराचा पक्ष नसून कराराचा विषय असतो.

कायद्याने तरी काय दिले? १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० कामगारांच्या आस्थापनेला लागू होता. त्याची जागा घेणारी संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि ही मर्यादा ५० झाली. मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास त्या संहितेने मनाई केली खरी. पण जेथे ते काम एरवी कंत्राटदारामार्फतच होत आले असेल, तेथे सूट ठेवली. अन्याय पुरेसा जुना असला की तो अपवाद होतो, असा हा न्याय!

कारखानदार म्हणतील, उचल घेऊन टोळ्या पळून जातात, वाहतूकदार लाखो रुपयांना बुडतात. हे घडते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण परतफेडीची हमी माणसाला बांधून ठेवण्यात शोधायची, ही उधारीची पद्धतच मुळात फसवणुकीला आमंत्रण देणारी आहे. कारखान्याने कोयत्याशी थेट करार करावा, उचल बँकेतून द्यावी, टोळी आणण्याचा मोबदला मुकादमाला ठरावीक रकमेत द्यावा, तुटलेल्या टनावर नव्हे. खाडा रद्द व्हावा. दर टनाची हमी मजुरी आधी, आणि तिच्यावर उताऱ्यातील वाढीचा वाटा. नुकसानीचा वाटा नको, कारण दुष्काळाचा धोका पत्करण्याइतकी शिल्लक त्याच्या पालात नसते.

सहकारी साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांवर आपलेही काही साथी बसतात. दरवाढीच्या पुढच्या वाटाघाटीत उताऱ्याच्या वाट्याचे हे कलम प्रथम त्यांनीच, आपापल्या कारखान्यात, लेखी स्वरूपात मांडावे.