फिट येणाऱ्या पोरासाठी दवाखाना कसा निवडता?

आज कपाशीचं नाही, घरातलं लिहितोय. रागातच लिहितोय, सांभाळून घ्या.

बहीण मुकुंदवाडीत राहते. भाचा 19 वर्षांचा, त्याला फिट येते. चार वर्षांत पाच दवाखाने झाले. पहिला सोयऱ्यांनी सांगितला म्हणून, दुसरा काचेची बिल्डिंग बघून, तिसरा "तिथं मोठी मशीन आहे" म्हणून. दर ठिकाणी नवी फाईल, नवी गोळी. मधे दोन महिने फिट आली नाही, तर गोळ्याच बंद केल्या. गेल्या महिन्यात तो माझ्या शेतात विहिरीपासून दोन हातांवर पडला. गोळी एकदम तोडली की फिट उलटते, हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

हे आपल्याला नवीन आहे का? बोंडअळीवर एक फवारणी लागू पडली नाही की आठव्या दिवशी दुसरी बाटली. प्रमाण बरोबर होतं का, वेळ बरोबर होती का, कोण बघतो? कृषी सहायक यावरच आपल्याला बोलतात. मग पोराच्या मेंदूवर तोच प्रयोग कशाला?

माझं म्हणणं एवढंच: सगळ्यात मोठा दवाखाना शोधू नका, वर्षानुवर्षं परत जाता येईल असा शोधा. फिट थांबल्यावरही औषध साधारण दोन वर्षं तरी चालतं, आणि डॉक्टर सांगतील तसंच हळूहळू कमी होतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, नीट औषध मिळालं तर 10 पैकी 7 जणांची फिट थांबू शकते. घाटी असो, चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय असो की खासगी, तीन गोष्टी बघा.

एक, ज्यानं फिट डोळ्यानं पाहिली त्याला डॉक्टर विचारतो का? मोबाईलवर काढलेला व्हिडिओ न्या. ईईजी कधी कधी चांगला येतो, तरी आजार असतो.
दोन, एकाच गोळीचा डोस पुरता बसवून बघतो, की पहिल्याच दिवशी तीन गोळ्या लिहितो?
तीन, महिन्याची गोळी आपल्या खिशाला झेपते का, जवळ मिळते का?

दोन औषधं योग्य डोसमध्ये घेऊनही फिट थांबली नाही, तर मग मोठ्या ठिकाणी जा. बेंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था यासाठीच आहेत. काहींना ऑपरेशनचा उपयोग होतो.

आणि फिट 5 मिनिटांत थांबली नाही तर निवड वगैरे काही नाही. 108 लावा, जवळचा दवाखाना गाठा. पोराला कुशीवर करा. चप्पल, कांदा, तोंडात चमचा, काही नको.

कुणी म्हणेल, "गरिबाला निवडायला असतं काय? एक चक्कर म्हणजे एक रोज बुडतो." खरंय. म्हणून तर ग्रामसभेत जसा ट्रान्सफॉर्मर मागतो, तशा फिटच्या गोळ्या आपल्या आरोग्य केंद्रात बारमाही मागा. एकदाच्या शिबिरानं हा आजार जात नाही.

भाचा आता एकाच डॉक्टरकडे जातो. वही ठेवलीय: तारीख, गोळी, फिट. विहिरीला कठडा बांधला. तुमच्या विहिरीला आहे का?