घरबसल्या उमेदवारी

शिकावयाचे पाठ रचण्याच्या विद्येस ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’ म्हणतात. या विद्येची उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप, आता घरी राहूनच दूरच्या संस्थेत करता येते. पुष्कळ पालकांस हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. आमच्या मते ती खरी उमेदवारी होय, परंतु एका अटीवर.

दुरून शिकविणे नवे नव्हे. इंग्लंडात १८४० साली पेनी पोस्ट सुरू झाले, तेव्हा आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकविण्यास आरंभ केला. शिष्य बायबलातील उतारे लघुलिपीत लिहून पाठवीत व ते तपासून परत येत. अंतर असूनही गुरूस शिष्याची चूक दिसे.

घरी बसून पाठ रचणाऱ्या उमेदवारास नेमकी ही चूक दिसत नाही. यास्तव, विद्यार्थ्यांनो, प्रत्येक पाठ धाडण्यापूर्वी, संस्थेची अनुमती घेऊन, तो ज्यांच्याकरिता रचला तशा एका माणसापुढे ठेवा व आपण मौन धरून पाहा. तो जेथे अडखळेल तेथे पाठ सुधारा. त्यास बोल लावू नका. पालकांनीही त्या तासांत मुलामुलींस घरकाम न सांगता, प्रसंगी पहिला शिष्य होऊन त्यांच्यासमोर बसावे.