आशीर्वाद की मत?

२०१९ ची लोकसभा. मी सोलापुरात एका दैनिकात बातम्या करत होतो. नाव सांगत नाही, सगळी तशीच. प्रचाराची बातमी दिली. लिहिलं होतं, 'मतं मागितली.' सकाळी छापून आलं, 'आशीर्वाद दिले.'

मी भांडलो नाही. पगार सात तारखेला व्हायचा. हे आधी कबूल करतो, नायतर तुम्ही म्हणाल, आता लई विद्रोही झाला बे!

मित्रांनो, या एका शब्दात सगळं राजकारण आहे. मत मागणारा दारात उभा असतो. आशीर्वाद देणारा वर बसलेला असतो. पहिल्याला पाच वर्षांनी विचारता येतं, नळाला रोज पाणी का येत नाही? दुसऱ्याला काय विचारणार? फळ मिळालं नाही तर खोट भक्तातच!

सोलापूर मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव. २०१९ ला तिथून भाजपच्या तिकिटावर गौडगाव मठाचे जयसिद्धेश्वर महास्वामी दीड लाखावर मताधिक्यानं निवडून आले. पडले त्यांत सुशीलकुमार शिंदे आणि खुद्द बाबासाहेबांचे नातू प्रकाश आंबेडकर. फेब्रुवारी २०२० मध्ये जात पडताळणी समितीनं महास्वामींचा बेडा जंगम जातीचा दाखला अवैध ठरवला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

आपली पोरं त्या दाखल्यावरच तावातावानं बोलत राहिली. कागदाचं कोर्टानं बघावं. माझं भांडण कागदाशी नाही. दाखला सोळा आणे खरा धरा. तरी सवाल उरतो, राखीव जागा कशासाठी आहे? ज्यांना देवळाच्या पायरीशी उभं राहू दिलं नाही त्यांना संसदेत ताठ उभं राहता यावं म्हणून. तिथं मठाची गादी कशी चालते? चालते, कारण २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करारात आपले स्वतंत्र मतदारसंघ गेले. जागा आपली, निवडणार सगळा गाव. मग गावाला जो सोसतो तोच आपला प्रतिनिधी. प्रश्न विचारणारा गावाला कधी सोसलाय?

धर्म म्हटला की सगळं वाईटच, असंही मी म्हणत नाही. हे गाव सिद्धरामेश्वरांचं, बाराव्या शतकातल्या शरणांपैकी एकाचं. त्याच शरणांच्या कल्याणात हरळय्या चांभाराच्या पोराचं मधुवरस ब्राह्मणाच्या पोरीशी लग्न लागलं, आणि त्यापायी दोन्ही बाप हाल हाल करून मारले गेले, असं परंपरा सांगते. ज्या धर्मानं जीव देऊन जात मोडली, त्याचेही पुढं मठ झाले. गाद्या झाल्या. गादी आली की पाय आले, पाय आले की डोकं टेकणं आलं.

आणि आपण काय वेगळे? चौदा एप्रिलचे बॅनर बघा. बाबासाहेब अंगठ्याएवढे, नगरसेवक पुरुषभर! रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले ते मोजायला बोटं पुरत नाहीत, आणि प्रत्येक गटाला एक साहेब. साहेबांना प्रश्न विचारला की तुम्ही गद्दार. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. ते काय फक्त दुसऱ्यांसाठी होतं? २०२४ ला इथं काँग्रेसच्या प्रणिती शिंदे आल्या. पक्ष बदलला, पण हार-तुरे आणि पायाशी वाकणं कुठं थांबलं?

राहिले आम्ही पत्रकार. ज्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं त्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांत कुर्बान हुसेन होते, 'गझनफर' या पत्राचे संपादक. दरवर्षी त्या दिवशी पुतळ्याला हार पडतो. मीही त्याची बातमी केलीय, चार ओळींची. लिहिताना हात कापला नाही, याचीच आता लाज वाटते.

त्या दिवशीचा पेपर आयला वाचून दाखवत होतो. तिला अक्षर येत नाही, रोज मीच वाचतो. 'आशीर्वाद दिले' म्हटल्यावर तिनं भाकरी थापायची थांबवली.

"आशीर्वाद दिले, ते ऱ्हाऊ दे. मतं कुणी मागितली मग?"

मी पान उलटलं.