सीमा उघडली, पण कोणासाठी?

दोन शेजारी देशांमधील बंद सीमा उघडण्याविषयी पुढारी बोलू लागले की वर्तमानपत्रांत मोठे मथळे येतात आणि ताटातूट झालेली कुटुंबे पेट्या भरू लागतात. पण पुढाऱ्याच्या तोंडचे 'उघडणार' आणि नाक्यावरच्या अधिकाऱ्याच्या तोंडचे 'जा' ह्या दोन शब्दांत किती अंतर असते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अमेरिका व कॅनडा ह्यांच्या सीमेची २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांतील हकीकत जरूर पाहावी. त्या हकीकतीत आपली मराठी माणसेही आहेत, म्हणून आज तिच्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

बेलव्ह्यू म्हटले की आमच्या वाचकांना आपल्या उत्तर भागातील उसाच्या मळ्यांचे बेल व्ह्यू आठवेल. आम्ही बोलतो आहोत ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील, सिअ‍ॅटलच्या समोर सरोवरापलीकडे वसलेले दीड लाख वस्तीचे शहर. शेजारच्या रेडमंड येथे मायक्रोसॉफ्ट कंपनीचे मुख्य ठाणे आहे. त्या कंपनीत व तिच्यासारख्या इतर कंपन्यांत नोकरी करणारी पुणे, मुंबई, नागपूरकडील पुष्कळ मराठी कुटुंबे ह्या परिसरात राहतात. येथून उत्तरेस मोटारीने सुमारे दोन तास गेले की ब्लेन गाव लागते आणि तेथे अमेरिका संपते. पलीकडे सरे, आणि पुढे व्हँकुव्हर. त्यामुळे एक भावंड बेलव्ह्यूला आणि दुसरे सरेला, अशी घरे असणे साहजिक आहे. शनिवारी सकाळी निघावे, दुपारचे जेवण बहिणीकडे घ्यावे आणि रविवारी परतावे, इतकी ही सीमा सोपी होती.

ब्लेनच्या सीमेवर १९२१ साली उभारलेली पांढरी शांतता-कमान आहे. तिला लोखंडी दारे आहेत आणि ती कधीही बंद न होवोत अशी इच्छा कमानीवरच कोरलेली आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरली तेव्हा १८ तारखेला दोन्ही देशांनी सीमा बंद करण्याचे जाहीर केले आणि २१ तारखेपासून अनावश्यक प्रवास थांबला. मालाचे ट्रक मात्र चालू राहिले. आमच्या मते हा निर्णय त्या वेळी योग्यच होता. अमेरिकेतील साथीचा पहिला मोठा घाला बेलव्ह्यूला लागूनच असलेल्या कर्कलंड गावातील वृद्धांच्या शुश्रूषागृहावर पडला होता. तेथील लोकांना भीती काय असते हे कोणी शिकवावयास नको होते.

आमची तक्रार त्यापुढची आहे. बंदी तीस दिवसांची म्हणून आली आणि महिन्यामागून महिना वाढत गेली. प्रत्येक महिन्याची २१ तारीख जवळ आली की एखादा मंत्री म्हणे, बोलणी चालू आहेत. दुसरा म्हणे, योग्य वेळी निर्णय घेऊ. बफेलोचे तेव्हाचे काँग्रेस सदस्य ब्रायन हिगिन्स आणि वॉशिंग्टन राज्याच्या सुझन डेलबेनी ह्यांच्यासारखे प्रतिनिधी सीमाभागाची बाजू मांडीत राहिले, पण त्यांच्या हाती निर्णय नव्हता. शाळेतील मुलाला 'उद्या सांगतो' असे वर्गशिक्षकाने अठरा वेळा सांगितले, तर ते मूल त्याच्यावर विश्वास ठेवील काय?

ह्या काळातील विसंगती पाहावी. व्हँकुव्हरचा मनुष्य विमानाने सिअ‍ॅटलला उतरू शकत होता, पण तोच मनुष्य स्वतःच्या मोटारीतून एकटा ब्लेनला आला तर त्याला परत पाठवीत. पॉइंट रॉबर्ट्स ह्या चिमुकल्या अमेरिकन गावाची गंमत तर भूगोलाच्या तासाला सांगण्यासारखी आहे. १८४६ च्या तहात एकोणपन्नासाव्या अक्षांशावर रेघ मारली गेली आणि एका भूशिराचे टोक कॅनडापासून तुटून अमेरिकेत राहिले. तेथील सुमारे बाराशे लोकांना आपल्याच देशात मोटारीने जाण्यासाठी कॅनडातून जावे लागते. सीमा बंद होताच त्यांचे गाव आमच्यासारखे बेट झाले आणि त्यांच्यासाठी होडीची सोय करावी लागली.

आता उघडण्याची कथा. १९ जुलै २०२१ रोजी कॅनडाने जाहीर केले की लस घेतलेल्या अमेरिकनांसाठी ९ ऑगस्टपासून सीमा खुली होईल. दोनच दिवसांनी अमेरिकेने आपली बाजू आणखी एक महिना बंद ठेवली! म्हणजे अर्धे दार उघडले. आणि त्या अर्ध्या दारातूनही कोण जाणार? अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी. बेलव्ह्यूची जी मराठी मंडळी नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर राहतात, ती ह्या दोन्ही वर्गांत बसत नव्हती. त्यांनी लसही शेजाऱ्याइतकीच घेतली होती, करही तितकाच भरला होता. अमेरिकेत जन्मलेले त्यांचे मूल नागरिक, म्हणून मोकळे आणि आईबाप अडकलेले, अशी एकाच घरात सीमा निर्माण झाली. मथळ्यात मात्र 'सीमा खुली' एवढेच होते.

त्यांची पाळी ७ सप्टेंबरला आली. १० तारखेला गणेश चतुर्थी होती, तेव्हा निदान बेलव्ह्यूहून सरेला आरतीसाठी जाणे शक्य झाले. उलट दिशेने मात्र रस्ता बंदच होता. अमेरिकेने १२ ऑक्टोबरला घोषणा केली व प्रत्यक्ष रस्ता उघडला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी. त्या वर्षीची भाऊबीज ६ नोव्हेंबरला होती. बहीण बेलव्ह्यूला आणि भाऊ सरेला असेल, तर त्याला ओवाळून घेण्यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागे, अन्यथा दोन दिवसांनी शिळ्या फराळाला यावे लागे. अधिकाऱ्यांना पंचांग ठाऊक असावे अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. पण ज्यांची लस झाली आहे त्यांना आकाशातून येऊ द्यावे आणि जमिनीवरून येऊ देऊ नये, ह्यात रोगाचा हिशोब कोठे होता, हे कोणीतरी सांगावयास हवे होते.

भारतातून येणाऱ्या आजीआजोबांची कथा वेगळीच. कॅनडाने भारताची थेट विमाने २२ एप्रिल २०२१ पासून पाच महिने बंद ठेवली. पुण्याच्या सीरम संस्थेची कोव्हिशील्ड घेतलेल्यांना पुढे प्रवेश मिळाला, पण हैदराबादची कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना कॅनडाने ३० नोव्हेंबरपर्यंत थांबविले. कोणत्या केंद्रावर कोणती कुपी वाट्याला आली, ह्यावर नातवाची भेट अवलंबून राहिली.

आम्ही बेटावरचे लोक. आमचाही विमानतळ मार्च २०२० मध्ये बंद झाला आणि १ ऑक्टोबर २०२१ पर्यंत पूर्णपणे उघडला नव्हता, म्हणून दुसऱ्याच्या दाराविषयी बोलताना आम्ही जपून बोलतो. तरी एक मागणी करणे वाजवी वाटते. सीमा उघडण्याचे विधान करणाऱ्या मंत्र्याने त्याच विधानात तीन गोष्टी सांगाव्यात : कोणत्या कागदावर प्रवेश मिळेल, कोणाला मिळणार नाही आणि त्यांची पाळी केव्हा येईल. एवढे सांगता येत नसेल तर निवेदन आठ दिवस लांबवावे.

हा प्रश्न साथीबरोबर संपला असे कोणी समजू नये. बेलव्ह्यूची नोकरदार मंडळी पासपोर्टावर अमेरिकन व्हिसाचा नवा शिक्का घेण्यासाठी व्हँकुव्हरच्या वकिलातीत जात असत, कारण भारताची फेरी वाचे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सूचना काढली की अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा. ह्यासाठी ब्लेनचा नाका बंद करावा लागला नाही, कमानीच्या दारांना कोणी हातही लावला नाही. तीन तासांच्या रस्त्याऐवजी आता मुंबईचे तिकीट काढावे लागते, आणि तेथे मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत बेलव्ह्यूची नोकरी टिकवावी लागते.