मद्यत्यागानंतरचें मौन

गेल्या महिन्यांत एका भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें. यजमानांनीं मद्य सोडल्यास चार महिने झाले. व्यसनमुक्ति केंद्रांतून परत आल्यापासून ते थेंबालाहि शिवलेले नाहींत. तरी बाई लिहितात, "पूर्वी घेऊन येत तेव्हां भांडत तरी असत. आतां दिवसभर आंतल्या खोलींत भिंतीकडे तोंड करून पडून असतात. हांक मारली तर नुसतें 'हं' म्हणतात. मग मीं मिळविलें काय?" कायमचें माहेरीं निघून जावें असें त्यांच्या मनांत येऊं लागलें आहे, म्हणूनच या विषयास आम्ही विलंब लावीत नाहीं.

हें मौन म्हणजे रुसवा नव्हे, आणि कृतघ्नपणा तर नव्हेच. वर्षानुवर्षें मद्य घेतल्यानें मेंदूची सुख अनुभवण्याची व्यवस्थाच बिघडते. त्या उत्तेजनास सरावलेल्या मेंदूला, तें बंद झाल्यावर, मुलाचें हंसणें, गाणें, गरम वरणभात, कशाचीच गोडी लागत नाहीं. ही स्थिति कित्येक आठवडे, कधीं कित्येक महिनेहि टिकते व मग हळूहळू ओसरते. त्यांत लाजेची भर! आपण काय काय केलें तें शुद्धीवर आलेल्या माणसास आतां स्पष्ट दिसूं लागतें, आणि ज्यांच्यादेखत केलें त्यांच्या नजरेस नजर देणें त्यास जड जातें. 'व्यसन' शब्द 'वि' उपसर्गपूर्वक 'अस्' म्हणजे फेंकणें या धातूपासून झाला असून संस्कृतांत वाईट संवय व संकट हे दोन्ही अर्थ त्यास आहेत. बाटली सुटली तरी दूर फेंकला गेलेला माणूस आपोआप माघारीं येत नाहीं.

आमच्या घरांतून यावर चालणारे उपाय बहुधा उलटेच पडतात. तोंडाचा वास घेणें, खिसे तपासणें, आणि काकांनीं समोर बसवून केलेला उपदेश! (उपदेश हा आम्हां मास्तर मंडळींचा जन्माचा धंदा, त्याची किंमत आम्ही जाणून आहों.) त्याहूनहि वाईट म्हणजे मुंजीचें बोलावणें आलें असतां "त्यांना बरें नाहीं" असें सांगून त्यांस घरींच ठेवणें. लपविलेला माणूस अधिकच लपतो.

मग त्याच्याशीं बोलावें कोणीं? ज्यानें तीच वाट तुडविली आहे त्यानें. १९३५ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं बिल विल्सन नांवाचा गृहस्थ, कांहीं महिन्यांपूर्वींच मद्य सोडलेला, धंद्यांत अपयश येऊन परक्या गांवीं एकटा पडला होता. हॉटेलांतील मद्यालय त्यास ओढूं लागलें, तेव्हां त्यानें टेलिफोनवर चौकशी करकरून दुसरा एक मद्यपी गांठला. ते होते शस्त्रवैद्य डॉ. बॉब स्मिथ. पहिल्याच भेटींत दोघे कित्येक तास बोलत बसले, आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा उगम तेथें झाला. विल्सन गेला होता तो दुसऱ्यास सुधारण्यास नव्हे, स्वतःस सांवरण्यास! या संघटनेच्या सभा आज महाराष्ट्रांतहि मराठींतून भरतात. फी नाहीं, पूर्ण नांवहि सांगावें लागत नाहीं. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यास सुरू केलेल्या मुक्तांगणांत उपचारानंतरच्या सभांबरोबर पत्नींसाठींहि 'सहचरी' नांवाचा मेळावा असतो. बाईंनीं आपल्या गांवच्या अशा सभेची चौकशी करावी, व यजमानांस पहिल्या दिवशीं दारापर्यंत पोंचवून यावें.

घरांत मात्र "कसें वाटतें?" हा प्रश्न वारंवार नको. जवळ बसून भाजी निवडावी. चार जुड्या त्यांच्यापुढेंहि सरकवाव्या. मुलाचें गणित, सकाळचें दूध, असें एखादें काम त्यांचेंच म्हणून ठरवावें. झोंप व अन्न दोन्ही तुटलीं, किंवा मरणाची भाषा निघाली, तर मात्र एक दिवसहि न थांबतां डॉक्टरांकडे न्यावें. विषण्णता हा निराळा रोग आहे व त्यास औषध आहे.

आतां माहेराविषयीं. तसें भय नसेल आणि घरांत दुसरें वडील माणूस असेल, तर बाईंनीं चार दिवस अवश्य विसांवा घ्यावा. मात्र परतण्याचा वार यजमानांस सांगून, आणि तुळशीला पाणी घालण्याचें काम त्यांच्याकडे सोंपवून जावें.