पद्मिनीचे ब्रेक

सांगलीच्या हळदपेठेतील एका पेढीसमोर १९७५ सालची पांढरी प्रीमियर पद्मिनी उभी असते. ती मिळवण्यासाठी नाव नोंदवून किती वर्षे थांबावे लागले, हे घरातील ज्येष्ठ आप्पा आजही पाहुण्यांना रंगवून सांगतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली ही मोटार समाजातील कित्येक घरांना आपल्याच माणसाच्या उद्योगाचा माल वाटत असे.

या गाडीवर नातवाचा डोळा होता, तो मात्र वेगळ्या कारणाने. चेन्नई-बंगळूर महामार्गावर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटरचा वळणावळणांचा शर्यतमार्ग आहे. तो १९९० मध्ये सुरू झाला. त्याआधी शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर शर्यती होत आणि त्यांत सुधारून घेतलेल्या फियाटही धावत. या मार्गावर काही दिवस ‘ट्रॅक डे’ असतो. शुल्क भरून कोणीही आपली गाडी तेथे पळवू शकतो. कोणी पहिला येत नाही, बक्षीसही नसते.

नातवाने खर्चाची यादी आप्पांपुढे ठेवली. तीत दोन कार्ब्युरेटर, नवा कॅमशाफ्ट, रुंद सायलेन्सर आणि कमी उंचीच्या स्प्रिंग होत्या. आप्पांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि एवढेच विचारले, “यात थांबायचं कुठं लिहिलंय?”

प्रश्न वर्मी लागणारा होता. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. त्याची ताकद बेताची, पण चारही चाकांना ड्रम ब्रेक. गावातून पेठेत जाण्यास ते पुरेसे असतात. शर्यतमार्गावर मात्र प्रत्येक सरळ पट्ट्याच्या शेवटी जोराने ब्रेक दाबावा लागतो, आणि थंड होण्यास उसंत मिळण्याआधीच पुढचे वळण येते. ड्रम तापून फुगतो आणि आतल्या पट्ट्यांपासून दूर सरतो. पट्ट्यांची पकडही उष्णतेने घटते. त्यातच ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेणारे. ‘डॉट ३’ प्रतीचे ताजे तेल २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण ओलावा मुरलेले तेल १४० अंशांवरही उकळू शकते. उकळलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते आणि पायाखालचे पेडल कापसासारखे खाली जाते.

दुसरा हिशेब कागदांचा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. शिवाय या गाडीने पन्नाशी ओलांडलेली. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वीस हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांसाठी नोंदवता येते. अट अशी, की सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत बदल झालेला नसावा. म्हणजे नव्या कॅमशाफ्टची खरी किंमत पावतीवरील आकड्याहून कितीतरी मोठी होती.

विम्याचे काय? खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यांत वगळलेली असते. (नमुने व स्वतःचे सामान सोडून इतर मालाची वाहतूकही वगळलेली असते, डिकीत पोती भरणाऱ्या व्यापाऱ्यांनी तेही एकदा वाचावे.) ट्रॅक डे ही शर्यत नव्हे, असा युक्तिवाद करता येईल, परंतु गाडी चुरडल्यावर तो मान्य होईल या भरवशावर कोणती पेढी माल उधार देईल? सगळी जोखीम आपलीच, असे धरून नातवाला उतरावे लागणार होते.

यादी नव्याने लिहिली गेली. इंजिनाला हात लावायचा नाही. उष्णता सोसणाऱ्या ब्रेकपट्ट्या, नवे होज, ताजे ‘डॉट ४’ तेल, रेडिएटरची नवी जाळी, चांगले रेडियल टायर आणि पट्टे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा. गाडी ट्रेलरवरून न्यायची आणि आप्पा सोबत येणार, या दोन अटी आप्पांच्याच.

त्या दिवशी नातवाने सर्वाधिक पाहिला तो निळा झेंडा. मागून वेगवान गाडी येत आहे, तिला वाट द्या, असा त्याचा अर्थ. पहिल्या फेरीला त्याचे कान तापले. दुपारपर्यंत मात्र तो आरशात पाहून आधीच बाजूला होऊ लागला. स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर बदलत ती जुनी गाडी वळणात अशी कलत होती, की कठड्याशी उभे असलेले आप्पाही नकळत त्या बाजूला कलत.

तिसऱ्या सत्राच्या मध्यावर पेडल दोन बोटे जास्त खाली गेले. अजून दहा मिनिटे उरली होती. सत्राचे पैसेही भरलेले होते. नातवाने वेग उतरवला, ब्रेक न दाबता एक संथ फेरी मारून चाके वाऱ्यावर धरली आणि गाडी आत आणली. थांबताच त्याचा हात सवयीने हँडब्रेककडे गेला. तापलेला ड्रम थंड होताना आकसतो आणि ओढलेल्या पट्ट्या त्यात आवळल्या जातात, हे सकाळीच सांगितले गेले होते. त्याने हात मागे घेतला.

तोवर आप्पा वखारीतून आणलेला लाकडी ठोकळा मागच्या चाकाखाली सरकवत होते. चाकाजवळ हात नेऊन त्यांनी धग पाहिली, खिशातली वही काढली, तारीख घातली आणि विचारले, “किती फेऱ्या झाल्या रे?”