वारा आणि पाणी

मुलांनो, कोळसा जाळून वीज निर्माण केली, की कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. तो पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता अडवितो आणि जग तापत जाते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या धुरावाचून वीज देतात. पठाराखाली कोयनेचा शिवसागर जलाशय आहे. १९६२ पासून त्याचे पाणी विजेसाठी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरते. ते परत येत नाही. जे पूर्वेकडे सोडले जाते, ते मात्र कृष्णेला मिळते आणि टेंभू योजनेतून सांगली जिल्ह्यातील आटपाडीच्या कोरड्या शिवारांत पोचते. वारा साठवून ठेवता येत नाही. पाणी ठेवता येते. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी, वारा जोराचा असताना, त्याच्याकडून अधिक काम घ्यावे व पाणी उन्हाळ्यासाठी राखावे, हेच मला न्याय्य वाटते.